गुणगुणत्या गोठ्याचं भाडं

मी चिडलेलो आहे. हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढे कुणी "एवढं चिडायला काय झालं?" असं विचारायला नको. हा प्रश्न मला बँकेनं, बायकोनं, मेहुण्यानं आणि अमेरिकेतल्या एका बाईनं विचारून झाला आहे आणि दर वेळी त्या प्रश्नानंच मी जास्त चिडलो आहे.

जगातल्या कुठल्याही धंद्यात घेणारा पैसे देतो. मिसळ खाणारा मिसळवाल्याला देतो, चप्पल घालणारा चप्पलवाल्याला देतो. हौशी संगीतात मात्र वाजवणाऱ्यानंच पैसे भरायचे आणि जितके जास्त लोक ऐकतील तितके जास्त भरायचे! उद्या मिसळवाल्याला सांगा, "तुझी मिसळ फार लोकांना आवडली, सबब दंड भर." कोल्हापुरात असं सांगणारा माणूस रस्सा अंगावर घेऊन घरी जाईल. इंटरनेटवर मात्र असं सांगतात, वर अभिनंदनही करतात.

मी शशिधर. पाटबंधारे खात्यात वरिष्ठ लिपिक आणि घरी पेटीवादक. माझे जोडीदार आण्णा. एसटीतून निवृत्त झालेले ड्रायव्हर, माझ्याहून दहाएक वर्षांनी मोठे, आणि ढोलकीत त्यांचा हात धरणारा आमच्या पेठेत कुणी नाही. आम्ही दोघांनी मिळून एक रचना बसवली होती. नाव 'घाट'. पन्हाळ्याची गाडी आण्णांनी वर्षानुवर्षं चालवलेली. वाघबीळ मागं टाकून चढ लागला की वरच्या नाक्यापर्यंत इंजिन जे जे काय बोलतं, ते सगळं त्यांनी ढोलकीवर उतरवलं होतं. मी पेटीवर खिडकीबाहेरच्या दऱ्या दाखवत होतो. ऐकणाऱ्याला दऱ्या दिसायच्या की नाही हे मला माहीत नाही. पण गाडी लागणाऱ्या एका बाईंनी मध्येच लिंबू मागितल्याचं मी स्वतः पाहिलं आहे.

गोष्ट दोन हजार सहा सालची. राजारामपुरीत पिठाच्या गिरणीच्या माळ्यावर एका गृहस्थांनी रेकॉर्डिंग स्टुडिओ काढला होता. गिरणी चालू असली की खालून घरघर यायची, म्हणून रेकॉर्डिंग बंद. आणि लोडशेडिंगमुळे गिरणी बंद असली की वीज नाही, म्हणूनही रेकॉर्डिंग बंद. शेवटी गिरणीवाल्याच्या मेहुणीच्या लग्नाच्या दिवशी वीजही होती आणि गिरणीही बंद होती. तो योग साधून आम्ही 'घाट' वाजवला आणि एक सीडी घेऊन खाली उतरलो.

शाहूपुरीत सयाजीचा सायबर कॅफे आहे. सीडी ऐकून तो म्हणाला, "काका, ह्ये इंटरनेटवर टाका की. एक अमेरिकेची साइट हाय, एकदम फुकट. जगात कुनीबी ऐकंल."

साइटचं नाव 'हमिंगबार्न'. त्याचा अर्थ काय, असं आण्णांनी विचारलं. सयाजीनं डिक्शनरीत पाहून सांगितलं, "हमिंग म्हंजे गुणगुणणं. बार्न म्हंजे गोठा."

"गुणगुणता गोठा," आण्णा म्हणाले. "ब्येस हाय. टाक आत."

'घाट' गोठ्यात बांधला गेला. थोड्याच दिवसांत फिजी बेटावरच्या कुणा माणसानं खाली इंग्रजीत लिहिलं, 'गुड ड्रम'. बस्स, दोनच शब्द. पेटीबद्दल अवाक्षर नाही. एवढा समुद्र ओलांडताना पेटीचा आवाज जरा बारीक होत असावा, अशी मी स्वतःची समजूत घातली. आण्णांनी मात्र त्या दोन शब्दांवर सबंध पेठेला चहा पाजला. मीही मागं राहिलो नाही. ऑफिसात, लग्नात, दूध संघाच्या डेअरीवर, जो भेटेल त्याला साइटचं नाव सांगितलं. सयाजीच्या कॅफेत माणसं रांग लावून 'घाट' ऐकू लागली.

आणि एका सकाळी 'घाट' वाजेना. पडद्यावर लिहून आलं होतं, ते सयाजीनं वाचून दाखवलं. "अभिनंदन. तुमचं गाणं लोकप्रिय झालं आहे. त्यामुळे ते बंद करण्यात येत आहे."

"परत वाच," मी म्हणालो.

त्यानं परत वाचलं. अर्थ बदलला नाही. फुकटात जेवढं ऐकवता येतं तेवढं ऐकवून झालं, आता महिन्याला डॉलर भरा, असा त्याचा मथितार्थ होता. एवढं ऐकलं तरी कुणी, म्हणून आम्ही यादी काढली. फिजीचा तो एक रसिक सोडला तर सगळे श्रोते कोल्हापूरचेच होते. त्यातला निम्मा तर मीच होतो.

मी तिथेच जाहीर केलं की एक पैसा भरणार नाही. आमच्या गल्लीत शिकवणी घेणारे राजशेखर सर राहतात. जगातल्या प्रत्येक विषयावर त्यांचा सल्ला तयार असतो आणि तो ऐकून घेतल्याशिवाय ते फाटकातून हलत नाहीत. ते म्हणाले, "शाब्बास शशिधर! तत्त्व सोडू नका. कलावंतानं झुकायचं नसतं." दुसऱ्याच्या तत्त्वाला पाठिंबा देणाऱ्या माणसाचा चेहरा किती तेजस्वी असतो हे मला त्या दिवशी दिसलं. मी झुकलो नाही. गाणं बंद राहिलं. आण्णा एवढंच म्हणाले, "ऱ्हाऊ दे रं. आपन हाय की वाजवायला."

दिवाळी झाली आणि आण्णांना अर्धांगाचा झटका आला.

उजवी बाजू गेली. जीभ जड झाली. दवाखान्यातून घरी आणलं तेव्हा ते हो-नाहीसुद्धा मानेनं सांगत होते. पुढंपुढं तेही थांबलं. भिंतीकडं तोंड करून पडून राहायचे. मी रोज ऑफिसातून परस्पर त्यांच्याकडं जायचो, खुर्ची ओढून बसायचो आणि ऑफिसातल्या गमती सांगायचो. पाटबंधारे खात्यातल्या गमती किती दिवस पुरणार? मग मीही भिंतीकडं बघत बसायचो.

एक दिवस विठावहिनी, म्हणजे आण्णांच्या मंडळी, मला सोडायला दारापर्यंत आल्या. म्हणाल्या, "भावजी, डॉक्टर म्हंत्यात, त्यास्नी आवडतंय असं कायतरी ऐकवा. भजनं लावली, न्हाई बघितलं. तुमचं त्ये घाटाचं गाणं हाय न्हवं? त्येवढं आना की."

"उद्याच आणतो, वहिनी," मी म्हणालो. सीडी माझ्याकडं होतीच. होती म्हणजे, राजशेखर सरांनी ऐकायला नेली होती.

मी सरांच्या परसात गेलो. चिकूच्या झाडाला दोऱ्यानं बांधलेली एक सीडी उन्हात चमकत गरगरत होती. तिच्यावर माझ्या अक्षरातलं 'घाट' अजून पुसट दिसत होतं.

"वटवाघळं फार झाली होती हो," सर म्हणाले. "आणि तुम्हीच म्हणाला होता, आता ते इंटरनेटवर आहे, सीडीचं काय काम! पण तुम्हाला सांगतो, फरक पडला. एक वटवाघूळ येत नाही."

माझी कला ऐकून माणसं उठून गेल्याचे प्रसंग मी पचवले आहेत. पण नुसती बघूनच वटवाघळं पळाली, हे मला आयुष्यात पहिल्यांदाच कौतुक म्हणून सांगितलं गेलं. मी दोरा सोडून सीडी घेतली आणि निघालो. बोललो असतो तर सरांना शिकवणीचे वर्ग काही दिवस बंद ठेवावे लागले असते. ती सीडी कुठल्याच यंत्रानं वाचली नाही.

राजारामपुरीत गेलो. स्टुडिओच्या जागी मिरच्यांची पोती रचली होती. ते गृहस्थ खाली गिरणीतच वजनकाट्यावर बसले होते. म्हणाले, "वीज गेलती, मग आली ती एकदमच आली बघा. कॉम्प्युटर घिऊनच गेली. आत काय म्हंजे कायसुदिक ऱ्हायलं न्हाई."

सयाजीनं तर कॅफेतल्या कॉम्प्युटरवरचं गाणं कधीच पुसून टाकलं होतं. तर आता 'घाट' साऱ्या पृथ्वीवर एकाच ठिकाणी उरला होता. अमेरिकेतल्या गोठ्यात, कुलपाआड. आणि किल्लीसाठी लागत होतं क्रेडिट कार्ड.

क्रेडिट कार्ड मी तोवर फक्त जाहिरातीत पाहिलं होतं. बँकेत गेलो. साहेबांनी अर्ज पुढं ओढला. "कार्ड कशासाठी हवंय?"

"संगीत होस्टिंगसाठी."

"हॉस्टेल? मुलगा कुठं शिकतोय?"

"मुलगा नाही हो. पेटी आहे."

"पेटी हॉस्टेलमध्ये?"

मी सगळं समजावून सांगितलं. साहेबांनी शांतपणे ऐकलं आणि विचारलं, "म्हणजे ऐकणारे तुम्हाला पैसे देणार?"

"नाही. मी देणार."

"ऐकणाऱ्यांना?"

"नाही, नाही. ऐकवणाऱ्यांना!"

"मग एवढं चिडायला काय झालं?" साहेब म्हणाले आणि त्यांनी राहत्या जागेचा पुरावा मागितला. लाइट बिल वडिलांच्या नावावर. वडील वारलेले. मग त्यांचा दाखला आणा. दाखल्यावर नाव शिवलिंग, बिलावर शिवलिंगाप्पा. दोन्ही माणसं एकच, याचं प्रतिज्ञापत्र आणा. प्रतिज्ञापत्राला राहत्या जागेचा पुरावा लागतो. आहे की नाही! मी सरकारी नोकर आहे, मला त्रुटींमधलं सौंदर्य कळतं. ही त्रुटी मी काढली असती तर घरी जाऊन पेढे वाटले असते. पण ती दुसऱ्यानं काढलेली होती आणि आत मी अडकलो होतो.

बँकेत आमच्या गल्लीतलं कुणीतरी असावं. संध्याकाळी पलीकडच्या अंबूबाई डबा घेऊन आल्या आणि डोळ्याला पदर लावून म्हणाल्या, "शशिधर, एवढ्या लांब पोराला ठिवू नगंस. अमेरिकेत खायाचं हाल असत्यात. परत आन त्येला." माझी एकुलती एक मुलगी दानेश्वरी तेव्हा त्यांच्यासमोरच पेरू खात उभी होती.

शेवटी बेंगळुरूला फोन लावला. तिथं माझा मेहुणा बसाप्पा एका कंपनीत आहे. कार्ड बाळगणारा आमच्या नात्यातला तो एकच.

"यप्पा दाजी, एवढंच?" तो म्हणाला. "आत्ता करतो."

ते 'आत्ता' चांगलं आठवडाभर चाललं. राज्य निवडा म्हटल्यावर गोठ्याच्या यादीत महाराष्ट्रच नव्हता. बसाप्पानं त्यातल्या त्यात जवळचं वाटलं म्हणून 'मेरीलँड' निवडलं. मग गाणं एकाच्या नावावर, कार्ड दुसऱ्याच्या आणि पत्ता मेरीलँड, कोल्हापूर, हे बघून गोठ्याला आमचा संशय आला. अखेर एकदाचे पैसे गेले. मी चपला हातात घेऊन कॅफेचा जिना चढलो. 'घाट' वाजला! आण्णांची पहिली थाप ऐकली आणि मी टेबलावर ठेका धरला.

"आता हे सीडीवर उतरव," मी सयाजीला म्हणालो.

सयाजीनं बटण दाबलं आणि हळूच माझ्याकडं बघितलं. "काका, चिडू नका. ऐकायचं पैसं भरलं आपन. उतरवून घ्यायाचं झालं तर सोन्याचा प्लॅन लागतोय. वर्साचं एकदम."

मी खुर्चीवरून उठलो. पेटी माझी. बोटं माझी. ढोलकी आण्णांची, घाट पन्हाळ्याचा, पीठ गिरणीचं. यात अमेरिकेचं काय होतं? आमच्या म्हशीनं रात्रभर यांच्या गोठ्यात मुक्काम केला तर भाडं घ्या, पण म्हैस परत द्यायचीही किंमत? मी हे सगळं मोठ्यानं बोललो असलो पाहिजे, कारण शेजारच्या टेबलावरचा पोरगा त्याचा गेम थांबवून टाळ्या वाजवायला लागला.

सयाजीनं उपाय सुचवला. टेपरेकॉर्डर आणायचा आणि कॅफेतल्या स्पीकरला लावून गाणं भरून घ्यायचं. भरलं. घरी ऐकलं. घाटाच्या पहिल्याच वळणावर दोन्ही बाजूंनी तुफान गोळीबार सुरू झाला आणि माथ्याजवळ कुणीतरी फोनवर ओरडलं, "आगं, आमटी करू नगंस, मी भायेर खाल्लंय!" शेजारच्या पोराच्या टाळ्यांवर मी विश्वास ठेवायला नको होता.

मग मी कंपनीला पत्र लिहिलं. पंचवीस वर्षं मसुदे लिहिलेला माणूस आहे मी. 'उपरोक्त विषयास अनुसरून' पासून 'सबब योग्य ती कार्यवाही तात्काळ व्हावी' पर्यंत सगळं इंग्रजीत उतरवलं. मित्र आजारी आहे, गाणं आमचं आहे, आपलं वर्तन सावकारालाही लाजवणारं आहे, हे मुद्देसूद मांडलं. जेनिफर नावाच्या बाईचं उत्तर आलं. 'हाय शशिधर! तुमचा उत्साह आम्हाला फार आवडला! तुम्ही अस्वस्थ का आहात हे समजून घ्यायला आम्हाला आवडेल.' खाली हसरा चेहरा आणि सोन्याच्या प्लॅनची जाहिरात.

ते छापून मी खिशात ठेवलं होतं. ते नेमकं धुवायच्या शर्टात माझ्या बायकोला, निर्मलाला, सापडलं.

"ही जेनिफर कोण? आणि तुमचा कसला उत्साह आवडला तिला?"

मी सगळं पहिल्यापासून सांगितलं. निर्मलाचा या प्रकरणाला पहिल्यापासून विरोध होता. पेटीलाच विरोध होता, त्यात हे आलं. मला वाटलं, आता ऐकून घ्यायचंय. पण ती शर्ट पिळता पिळता थांबली. "मी काल विठावहिनींकडं गेले होते," ती म्हणाली. "त्या पाणी भरत होत्या आणि बोलत होत्या. आण्णा काय सांगायचे, कसे हसायचे, सगळं. तो माणूस आत जिवंत आहे हो, आणि त्या आत्तापासून 'होते' म्हणायला लागल्यात. तुमचं तत्त्व काही दिवस माळ्यावर ठेवा. भरा ते सोनं का काय."

"बसाप्पाच्या बायकोनं कार्ड कपाटात ठेवलंय. किल्ली कमरेला."

निर्मलानं हात पुसले आणि बेंगळुरूला फोन लावला. पुढचं सगळं कन्नडमध्ये झालं. मला कन्नड येतं, पण एवढ्या वेगाचं येत नाही. पलीकडून आधी मोठा आवाज येत होता, मग बारीक, मग नुसतं "हूं अक्का, हूं" ऐकू आलं. दुसऱ्या दिवशी पैसे भरल्याचा बसाप्पाचा फोन आला. तो फार हळू बोलत होता.

गाणं उतरवून घेताना वीज दोनदा गेली. तिसऱ्यांदा उतरलं. मी, निर्मला आणि आमचा सीडी प्लेअर असे तिघे रिक्षात बसून आण्णांकडं गेलो.

आण्णा भिंतीकडं तोंड करून पडले होते. मी म्हणालो, "आण्णा, घाट आणलाय." काही हालचाल नाही. विठावहिनींनी उशाशी स्टूल ओढलं, मी प्लेअर ठेवला आणि बटण दाबलं.

ढोलकी सुरू झाली. सपाट रस्ता, मग चढ. मग माझी पेटी आली. बऱ्याच वेळानं आण्णांची मान हळूहळू भिंतीपासून वळली आणि ते छताकडं बघू लागले. कपाळावर आठी चढत गेली. चेहरा लाल झाला. गाणं संपलं तेव्हा त्यांचे ओठ वाकडे होऊन थरथरत होते. विठावहिनी घाबरून पुढं झाल्या.

"प... पेटी," आण्णा म्हणाले.

"काय म्हणालात, आण्णा?" माझ्या डोळ्यांत पाणी उभं राहिलं. मी खाली वाकलो.

"पेटी... पळालीया तुजी." जीभ जड होती, पण शब्द न् शब्द कळत होता. "ढोलकी बराबर हाय. तू... पुढं पळालायस."

डोळ्यांतलं पाणी जागच्या जागी आटलं. बँक, प्रतिज्ञापत्र, मेरीलँड, जेनिफर, कपाटाची किल्ली, सगळं माझ्यासमोरून गेलं.

"मी पळालो?" मी म्हणालो. "मी? आण्णा, तुम्ही मागं राहिलाय!"

"परत... लाव."

मी परत लावलं. मधल्या वळणाशी गाणं आलं तसा आण्णांनी डाव्या हातानं पलंगाच्या फळीवर असा दणका दिला की प्लेअर स्टुलावर उडाला. "हितं! हितं पळालायस! कान... कान हायत का न्हाईत?"

"तिथं सम तुमची चुकलीय!"

"माजी?" आण्णा डाव्या कोपरावर उठू बघत होते. "माजी सम? आरं... पेटीवाल्या!" झटक्यानं त्यांच्या बऱ्याच शिव्या पुसून गेल्या असाव्यात, कारण थोडं शोधून त्यांनी पुन्हा तीच दिली. "पेटीवाल्या!"

निर्मला माझा शर्ट ओढत होती. "अहो, शोभतं का? आजारी माणसाशी कसलं भांडताय!"

तेवढ्यात विठावहिनींनी तिचा हात धरला. त्यांचे डोळे वाहत होते. "भांडू दे गं बाई," त्या म्हणाल्या. "दवाखान्यातनं आल्यापास्नं आज पयल्यांदा बोलाय लागल्यात. न्हाई थांबवायचं."

मग काय, मी भांडलो. पेटी पळालेली नव्हती, हे मी कुठल्याही स्टँपपेपरवर लिहून द्यायला तयार आहे आणि तसंच ठणकावून सांगितलं. आण्णा एकेका शब्दासाठी झटत, घाम गाळत, डाव्या हातानं फळी बडवत मला खोडून काढत होते. त्यांना शब्द सापडेपर्यंत मी थांबायचो, सापडला की परत भडकायचो. आरडाओरडा ऐकून आजूबाजूची माणसं सोडवायला धावत आली, आणि विठावहिनी उंबऱ्यात आडव्या हातानं उभ्या राहून एकेकाला बाहेरच थोपवत होत्या.